मार्गरितची मान

जुबैल,
१० जानेवारी २०२५

प्रिय रईसा आपास,

शौकतचा सलाम. हाशिरभाई परवा गावी निघालेत. त्यांच्या बॅगेत खजुराच्या दोन डब्यांमध्ये ही चिठ्ठी सरकवतोय. फोन असताना कागद का खरडतोय, असं तू म्हणशील. पण आमच्या घरात फोन म्हणजे स्पीकरवरच. अफशाँ मधून बोलते, रय्यान पुण्याहून सुट्टीवर आला असेल तर तोही बोलतो, आणि ज्या गोष्टीसाठी फोन लावला ती राहूनच जाते. आणि तूच म्हणतेस ना, की कागदावर लिहिलेलंच शेवटी खरं?

तर ऐक. सहरच्या लग्नासाठी उमैरचं नक्की करतोय. अफशाँची मावसबहीण मैमुना, तिचा थोरला. धाहरानला तेल कंपनीत इंजिनियर आहे, कॅम्पात घर मिळालंय, अंगणात लॉन आहे, दारात कंपनीची बस येते. मुलगा सज्जन आहे. मैमुनाने स्वतःहून विचारलं.

घाई का, तर माझा इकामा, इथे राहायचा परवाना, ऑगस्टपर्यंतच. सदतीस वर्षं प्लांटवर मचाणं बांधली, उतरवली, आता कंपनी म्हणते खलास, घरी जा. मी आणि अफशाँ येऊ बाणकोटला. पण सहर इथेच जन्मली, इथेच शाळा शिकली, आता त्याच शाळेत लहान मुलांना शिकवते. तिकडे दोन महिन्यांच्या वर ती कधी राहिलेली नाही. ती तिथे काय करणार? उमैरशी लग्न झालं की तिचं इथलं सगळं शाबूत राहील.

आता तुझं काम. पोरगी गप्प आहे. म्हणजे राजीच आहे, आपल्या मुली काय तोंडाने हो म्हणतात थोड्याच! पण अफशाँला वाटतं की तू दोन ओळी लिहिल्यास तर तिला हुरूप येईल. तुझं ती ऐकते. दर शुक्रवारी लॅपटॉप उघडून तुझ्या पुस्तकासाठी फ्रान्सच्या राण्या शोधत बसलेली असते. (बाणकोटात बसून फ्रान्सच्या राजघराण्यांवर मराठीत पुस्तक! वाचणार कोण आपा, खाडीतले मासे?) त्या राजकन्यासुद्धा आईबापांनी ठरवलं तिथेच जायच्या ना? तेवढंच तिला लिही.

तुझा,
शौकत


बाणकोट,
२ फेब्रुवारी २०२५

चि. शौकतला अनेक दुवा.

खजूर मिळाला. एक डबा शेजारच्या पारूला दिला, तिच्या नातवाला आवडतो. मासे माझं पुस्तक वाचतील की नाही ठाऊक नाही, पण तू वाचावंस असं वाटायला लागलंय.

राजकन्या आईबापांचं ऐकून लग्न करायच्या, हे अगदी खरं. फ्रान्सच्या राजाला शेजाऱ्याशी तह हवा असला की तो कागदाबरोबर एक मुलगीही पाठवायचा. कुठे प्रांत हातचा जाऊ नये म्हणून, कुठे युद्ध थांबावं म्हणून. तू उमैरबद्दल जे लिहिलंस ना, घर, लॉन, बस, ते वाचताना मला एखाद्या तहाची कलमं वाचल्यासारखं वाटलं. चिडू नकोस. चाळीस पोरांच्या वर्गात पंचवीस वर्षं काढली की जीभ अशीच होते.

पण सगळ्याच ऐकायच्या नाहीत. नावारच्या राजकन्येची, जानची गोष्ट सांगते. वय बारा. तिचा मामा फ्रान्सचा राजा. त्याला जर्मनीतल्या क्लेव्हच्या ड्यूकशी दोस्ती हवी होती, म्हणून भाचीचं लग्न ठरवलं. पोरगी नाही म्हणाली. आईनेच तिला फटके मारवले. मग तिने काय केलं, कागद घेतला आणि लिहिलं, की हे लग्न माझ्या मनाविरुद्ध होतंय, मी पुढे हो म्हटलं तरी ते मारामुळे आणि भीतीमुळे असेल. खाली सही. घरातल्या तीन माणसांना साक्षीदार म्हणून सह्या करायला लावल्या. लग्नाच्या दिवशी तिच्या अंगावर इतकं सोनं आणि जडजवाहीर होतं की तिला चालवेना, किंवा तिला चालायचंच नव्हतं. राजाने सेनापतीला सांगितलं, उचल. त्याने तिला कॉलरला धरून वेदीपाशी नेलं.

तो कागद चार वर्षं तसाच पडून होता. पुढे ड्यूकने दुसरीकडे दोस्ती केली, राजाला त्याची गरज उरली नाही, तेव्हा कुठे तो कागद बाहेर आला आणि पोपने लग्न रद्द केलं. म्हणजे मुलीचं नाही हे पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. वाचलं कधी, तर पुरुषांना सोयीचं झालं तेव्हा.

सहरला मी लिहीन, पण तू सांगतोस ते नाही. आधी तू मला सांग, तिला विचारलंस का? अफशाँसमोर नाही, मैमुनाचा फोन चालू असताना नाही. एकटीला, दार लावून?

आपा


जुबैल,
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आपा,

उद्यापासून रोजे. इथे सगळी धावपळ आहे, त्यात प्लांटचं शटडाऊन, तरी तुझं पत्र दोनदा वाचलं. जानची गोष्ट आवडली. रय्यानला विचारलं, त्याने मोबाईलवर बघून सांगितलं की तिचं पुढे दुसरं लग्न झालं आणि मुलगा तर फ्रान्सचा राजाच झाला! मग? शेवट गोड ते सगळं गोड. तुझ्या गोष्टीचं तात्पर्य माझ्याच बाजूचं निघालं.

आपा, राग मानू नकोस, पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तुझ्या नशिबात जे आलं ते सगळ्यांच्याच येतं असं नाही. उमैर तसा नाही.

आणि हो, विचारलं मी सहरला. तिला गाडीत घेऊन समुद्रकाठी कॉर्निशला गेलो होतो. म्हटलं, उमैर चांगला आहे ना? तिने मान खाली घातली. मी म्हटलं, मग ठरवू? ती समुद्राकडे बघत म्हणाली, "ॲज यू विश, अब्बा." झालं. याहून जास्त कुठली मुलगी बोलते?

ईदनंतर ११ एप्रिल, शुक्रवार, निकाह ठरवलाय. इथलाच एक हॉल आहे. मौलवीसाहेब आपल्याच गावाकडचे. मुलीच्या वतीने वकील म्हणून मैमुनाचे थोरले दीर, आणि तिची इजन, म्हणजे संमती, घ्यायला त्यांच्याबरोबर साक्षीदार म्हणून रय्यान जाईल. भावाने गेलेलं बरं, मुलीला परकं वाटत नाही. तुझ्या निकाहात मीच गेलो होतो ना.

तू आली असतीस तर किती बरं झालं असतं. तुझे गुडघे आणि व्हिसाचे कागद, दोन्ही अवघड.

तुझा,
शौकत


बाणकोट,
१९ मार्च २०२५

चि. शौकत,

हाशिरभाई परत निघालेत, हे पत्र त्यांच्याबरोबर देतेय. ते आधी मक्केला उमऱ्यासाठी जाणार आहेत, ईदनंतर जुबैलला पोचतील. माझ्या हाताला घाई आहे आणि पत्राला नाही. दुसरं कुणी जाणारं मिळालं नाही. फोन लावला असता, पण हे स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

तू लिहिलंस, जानचा मुलगा राजा झाला. खरं आहे. पण त्या मुलाच्या लग्नाची गोष्ट रय्यानने तुला सांगितलेली दिसत नाही. ते लग्न ठरवणाऱ्यांत जान स्वतः होती. जिला कॉलरला धरून नेलं, तीच तीसेक वर्षांनी मुलाच्या तहाची कलमं लिहीत बसली होती. लग्नाच्या दोन महिने आधी ती वारली. नवरी होती मार्गरित, फ्रान्सच्या राजाची बहीण. देशात दोन पंथ एकमेकांचे गळे कापत होते, म्हणून एका पंथाची मुलगी दुसऱ्या पंथाच्या मुलाला द्यायची, म्हणजे शांतता होईल असा हिशेब. पॅरिसच्या मोठ्या चर्चबाहेर मंडप घातला होता. धर्मगुरूंनी तिला विचारलं, राजी आहेस? ती काही बोलेना. मागे तिचा भाऊ उभा होता, राजा शार्ल. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान खाली दाबली. लोकांना वाटलं, मान डोलावली. झालं लग्न. इतिहासकार म्हणतात ही दंतकथा असेल. असेल. पण सत्तावीस वर्षांनी ते लग्न मोडलं तेव्हा आपल्यावर जबरदस्ती झाली होती असं मार्गरितनेच सांगितलं, ती दंतकथा नाही.

शांततेचं म्हणशील तर लग्नानंतर सहाव्या दिवशी पॅरिसमध्ये कत्तल सुरू झाली.

हे प्रकरण मी सहरला पाठवलं होतं, इंग्रजी पुस्तकाशी ताडून बघायला. तिने ताडून पाठवलं आणि खाली हिंदी वळणाच्या मराठीत एक ओळ लिहिली: "फूफू, मार्गरितने तोंडाने का नाही सांगितलं?" मी तिला लिहिलं, की मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत आवाज फुटत नाही, आणि कधी फुटला तरी बाहेर पोचत नाही. मग मला झोप लागली नाही, म्हणून तुला लिहितेय.

शौकत, सत्याऐंशी साल आठव. आपल्या घरातली मधली खोली. मी एकवीस वर्षांची, तू एकोणीसचा. माझ्या बी.एड.च्या प्रवेशाचा कागद आला होता, तो अब्बांनी कपाटावर टाकला होता. मामू वकील म्हणून आत आले, मागे तू. मामूंनी तीनदा विचारलं. त्यांना कमी ऐकू यायचं, ते दाराकडे तोंड करून बसले होते. बायका भांडी वाजवत होत्या, कुणी हसत होतं. मी ओढणीच्या आतून म्हटलं होतं, "मना नको." एकदाच म्हटलं. मामूंनी तुझ्याकडे बघितलं. तू बाहेर जाऊन सांगितलंस, राजी आहे.

तुला ऐकू आलं नसेल. त्या गलक्यात कुणाला आलं असतं? मी तुला कधी दोष दिला नाही.

पण पुढचं तुला माहीत आहे. ते सौदीत जिझानला नोकरीवर, मी सासरी. सात वर्षांत तीनदा आले. आठव्या वर्षी त्यांच्या गावचा कुणी सुट्टीवर आला, त्याच्या बॅगेतून अत्तराची बाटली आली आणि तिच्याबरोबर तलाकचा कागद. बी.एड. झालं तेव्हा मी एकतीस वर्षांची होते, वर्गातल्या मुली मला मॅडम समजून उभ्या राहायच्या. मुकी बिचारी कुणीही हाका, तशी माझी दहा वर्षं गेली. मी नाही म्हटलं होतं रे. मला फक्त एवढंच वाटतं, की कुणीतरी ते ऐकायला हवं होतं.

सहरला एकटीला बसव आणि विचार. मान बघू नकोस, मान कुणाचीही दबते. आवाज ऐक. आणि रय्यानला आत पाठवू नकोस. एकवीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते ओझं ठेवू नकोस.

आपा


जुबैल,
२० एप्रिल २०२५

आपा,

तुझं पत्र हाशिरभाईंनी नऊ तारखेला हातात दिलं. निकाहाला दोन दिवस. मी ते गाडीत बसून वाचलं, पार्किंगमध्ये. मग घडी करून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं आणि हॉलवाल्याला खुर्च्यांचं सांगायला गेलो. मी असा आहे. तुला हे आधी कळू दे.

सहरला विचारलं नाही. गुरुवारी ती हातावर मेंदी काढून घेत होती, मी दारातून बघितलं, तिने वर बघितलं, आणि मी म्हटलं, छान दिसतेय. एवढंच.

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर सगळे जमले. धाहरानहून उमैरकडची माणसं दोन बस भरून आलेली. मौलवीसाहेब रजिस्टर उघडून बसले. मैमुनाचे दीर आणि रय्यान आत गेले, बायकांच्या बाजूला. मी उमैरशेजारी बसलो होतो. पाच मिनिटांत ते बाहेर आले. दीर आरामात चालत होते, रय्यान मागे. मौलवीसाहेबांनी विचारलं, इजन मिळाली? दिरांनी रय्यानकडे बघितलं. रय्यान म्हणाला, "जी, राजी है." म्हणताना त्याने आपल्या बुटांकडे बघितलं.

आपा, तो चेहरा मी ओळखला. तो माझाच होता.

आता लिहितो. सदतीस वर्षं वाळवंटात राहिलो, लिहायला धीर झाला नाही. मी ऐकलं होतं. "मना नको" हे मी स्पष्ट ऐकलं होतं. भांडी वाजत होती, बायका हसत होत्या, सगळं खरं, पण मी तुझ्या पायांपाशी बसलो होतो. मामूंनी माझ्याकडे बघितलं तेव्हा दारापलीकडे मला तुझा नवरा दिसत होता, पांढऱ्या शर्टात. त्याने आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की जुबैलच्या एका कंपनीत त्याची ओळख आहे, माझा व्हिसा पुढच्या वर्षी नक्की. अब्बांना ते ठाऊक होतं. तू नाही म्हणालीस असं बाहेर सांगितलं असतं, तर व्हिसा गेला असता. मी उंबरठ्यापर्यंत चार पावलं चाललो, आणि त्या चार पावलांत ठरवलं. माझ्या आयुष्यात जे जे आहे, अफशाँ, पोरं, गावच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम, ते सगळं तुझ्या त्या दोन शब्दांवर बांधलंय. प्लांटवर मचाण बांधताना आम्ही आधी खालची जमीन तपासतो. ही मी कधी तपासली नाही. तुझ्या राजाने मान दाबली ती निदान सगळ्यांसमोर. मी आत बसून दाबली.

मौलवीसाहेबांनी पेन उचललं. मी म्हटलं, थांबा. आवाज फार मोठा आला असावा, कारण मागची मुलंसुद्धा गप्प झाली. मी आत गेलो. सगळ्या बायकांना बाहेर जायला सांगितलं, अफशाँलाही. मैमुना काहीतरी बोलत होती, मी दार लावलं. सहर खुर्चीवर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि विचारलं, "बाळा, मी बाप म्हणून विचारत नाही. तुला हे लग्न हवं आहे का?"

माझी मुलगी माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही, तुला माहीत आहे. ती म्हणाली, "मना नको."

मी विचारलं, रय्यानला सांगितलंस? ती म्हणाली, हो, हळू सांगितलं. मग म्हणाली, "अब्बा, कॉर्निशला पण मी सांगणार होते. तुम्ही 'मग ठरवू' म्हणालात."

बाहेर येऊन मी उमैरच्या वडिलांचे हात धरले. त्यांनी ते सोडवून घेतले. उमैर मात्र उठून मला म्हणाला, "अंकल, बरं झालं आत्ताच कळलं." त्याचं तोंड उतरलं होतं. त्याचंही मी वाईटच केलं. बिर्याणीची डेगं तशीच होती, ती एका लेबर कॅम्पमध्ये पाठवली. मैमुनाने अफशाँचा नंबर ब्लॉक केलाय. अफशाँ माझ्याशी कामापुरती बोलते. रय्यान त्याच रात्रीच्या विमानाने पुण्याला गेला, एअरपोर्टवर मला मिठी मारून रडला. मी त्याला तुझी गोष्ट सांगितली, माझीही. त्याला माझ्यासारखं अडतीस वर्षं गप्प राहावं लागू नये.

सहर नीट आहे. जेवते, शाळेत जाते. ऑगस्टमध्ये आमच्याबरोबर येणार आहे, पुढे पुण्यात शिकायचं म्हणते. माझ्याशी थोडं बोलते.

तू लिहिलंस, तुला ऐकू आलं नसेल. ते वाक्य मी रोज वाचतो. ते खोटं आहे आपा, आणि ते खोटं मी तुला अडतीस वर्षं बोलू दिलं. माफी कुठल्या तोंडाने मागू?

शौकत


बाणकोट,
१५ मे २०२५

शौकत,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कलमी आंब्याची अढी लावत होते. हात धुतले आणि पडवीत बसून वाचलं. मग पुन्हा आत जाऊन अढी पुरी केली. आंबे कुणासाठी थांबत नाहीत.

आधी सहरचं. तू दार लावून विचारलंस. माझ्या भावाने ते केलं, हे मी पारूला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा रडले. माझ्या पोरीला सांग, पुण्याला जायच्या आधी इथे राहा, पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं बाकी आहेत.

आता माझं. तू ऐकलंस हे मला माहीत होतं. मी "मना नको" म्हटलं तेव्हा तुझा हात माझ्या ओढणीच्या टोकावर होता. तो उचलला गेला. ज्याला ऐकू आलं नाही त्याचा हात कशाला हलेल? व्हिसाचं मला पुढच्या वर्षी कळलं, तू विमानात बसलास तेव्हा. त्या दिवशी सगळं घर आनंदात होतं, मीही तुला दही-साखर भरवली.

तरी मी "ऐकू आलं नसेल" असं म्हणत राहिले. तुझ्यासाठी म्हणत होते असं मला वाटायचं. पण आता वाटतं, माझ्यासाठीच. ऐकून न ऐकल्यासारखं करणारा भाऊ मला नको होता, म्हणून मी बहिरा भाऊ करून ठेवला. दर ईदेला तुझा फोन यायचा, मी वाट बघायची, की आज सांगेल. तू हवापाण्याचं विचारायचास. चुकलं तुझं, आणि मीही तुला विचारायला हवं होतं. एवढी मोठी बाई, वर्गात पोरांना दरडावून खरं काढणारी, स्वतःच्या भावापुढे गप्प.

माफ केलं, असं लिहायला मी चारदा पेन टेकवलं. लिहवत नाही. खोटं कशाला लिहू, आपल्या दोघांत आता तेवढंच एक नको आहे. राग उरलेला नाही. त्या दहा वर्षांचं दुःख आहे. ते तुला परत देता येणार नाही आणि मला टाकून देता येत नाही.

मार्गरितचं लग्न मोडलं तेव्हा तो भाऊ कधीच मेला होता. तिला विचारायला कुणी राहिलं नव्हतं. माझं तसं नाही, माझा भाऊ जिवंत आहे आणि ऑगस्टमध्ये येतोय.

तेव्हा एक कर. आलास की सामान उतरायच्या आधी मधल्या खोलीत ये. मी जिथे बसले होते तिथेच बसेन. दार लाव. आणि जे मामूंनी विचारलं ते तू विचार, तुझ्या तोंडाने, तीनदा. उत्तर तेच आहे, बदललेलं नाही. मला ते फक्त एकदा मोठ्याने द्यायचंय, आणि तू बाहेर जाऊन सगळ्यांना तेच सांगायचंस.

तुझी,
आपा